अथेन्सची लोकशाही वर्गात कशी शिकवावी? (सोडत, खापरं आणि पाण्याचं घड्याळ)

खडूफळा

सहावी ते नववीला प्राचीन ग्रीसची लोकशाही शिकवायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार होतो. मॉनिटरची निवडणूक घ्यायची, चिठ्ठ्या मोजायच्या आणि "असंच अथेन्समध्ये चालायचं" म्हणून तास संपवायचा. पण अथेन्समध्ये असं चालत नव्हतं. निवडणूक तिथे अपवाद होती. दहा सेनापती आणि तिजोरीची काही मोजकी पदं हात वर करून निवडली जात. पाचशेंचं मंडळ (सभेचं कामकाज तयार करणारं), न्यायालयातले पंच, बाजारातली वजनमापं तपासणारे, हे सगळे सोडतीने ठरत. पदं सोडतीने भरणं हे लोकशाहीचं लक्षण आणि निवडून भरणं हे मूठभरांच्या राज्याचं, असं ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये नोंदवलं आहे. हे फळ्यावर लिहावं आणि "असं का म्हणत असतील?" एवढंच विचारून पुढे जावं. उत्तर पाचव्या तासाला मागावं.

पाच तासिकांचा आराखडा मांडतो (३५ मिनिटांची एक, वर्ग ६० मुलांचा धरला आहे).

पहिल्या तासाला गण पाडायचे आणि सोडत काढायची. क्लेइस्थेनिस या अथेन्सच्या पुढाऱ्याने इ.स.पू. ५०८-५०७ मध्ये नागरिकांचे जुने चार गण (गट) बाजूला ठेवून दहा नवे केले. प्रत्येक गणात एक तुकडा शहराचा, एक किनाऱ्याचा, एक आतल्या मुलखाचा, म्हणजे एकूण तीस तुकडे. त्यांच्या खाली १३९ गावं-वाड्या, ज्यांना 'देमोस' म्हणत. हेतू असा की एका भागातल्या बड्या घराण्याला आपलीच माणसं एकगठ्ठा उभी करता येऊ नयेत. वर्गात हे बाकांवरून दाखवता येतं. पुढचे बाक शहर, मधले किनारा, मागचे डोंगर. प्रत्येकी २० मुलं. पाच गण करा आणि प्रत्येक गणात पुढची ४, मधली ४, मागची ४ घ्या. बारा-बाराचे पाच गण झाले. हजेरी क्रमांकाने गण पाडू नका. अनेक शाळांत हजेरीपट मुलगे-मुली वेगळे किंवा आडनावाच्या अक्षरानुसार असतो, मग क्लेइस्थेनिसने जे मोडलं तेच आपण पुन्हा उभं करतो.

नावाच्या पट्ट्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या घ्या. अथेन्सच्या पंचांकडे असलेल्या काशाच्या पट्ट्या साधारण त्याच लांबीच्या होत्या, थोड्या रुंद. त्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि देमोस कोरलेलं असे. मराठी मुलांना हे समजवायला वेळ लागत नाही, कारण आपल्याकडे तीच रीत आहे. सॉक्रेटिस सोफ्रोनिस्कस अलोपेकेकर. पेरिक्लिस झांथिप्पस खोलार्गोसकर. दोन्ही नावं खरी आणि त्यांची गावंही खरी, 'कर' तेवढा आपला. आणखी एक साम्य सांगावं: माणूस दुसरीकडे राहायला गेला तरी देमोस वाडवडिलांचंच राहायचं, जसं पिढ्यान्‌पिढ्या गाव न पाहिलेल्यांचंही आडनाव त्या गावाचंच असतं.

पुढचे तास जाणकारांनी भर घालत न्यावेत.

नकाशावही

चांगला धागा, वाचनखूण साठवली.

सोडतीच्या यंत्राबद्दल लिहितो, कारण 'डब्यातून चिठ्ठी' आणि 'क्लेरोटेरिऑन' यात मोठा फरक आहे. संगमरवराची उभी पाटी, तिच्यात ओळीने खाचा, खाचांत नावाच्या पट्ट्या. बाजूला उभी नळी, वरून त्यात काळ्या-पांढऱ्या गोट्या ओतायच्या. खालून एकेक गोटी सोडायची. पांढरी आली तर ती आडवी ओळ सगळी निवडली गेली, काळी आली तर सगळी घरी. म्हणजे एका माणसाची सोडत नाही, ओळीची. उभा रकाना हा गण धरला की प्रत्येक ओळीत प्रत्येक गणाचा एक माणूस आपोआप येतो.

वर्गासाठी: टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, ४५ सेंमी रुंद, ६० सेंमी उंच. पाच रकाने, बारा ओळी. खाच दीड सेंमीची कापा, म्हणजे काडी अर्धी आत जाऊन टिकते. मागून पुठ्ठ्याचा दुसरा थर दोन सेंमी अंतर ठेवून चिकटवला नाही तर काड्या आरपार जाऊन मागे पडतात. नळीसाठी वायरिंगचा २५ मिमी पाइप, ३० सेंमी लांब. साध्या काचेच्या गोट्या १६ मिमीच्या आसपास असतात, त्या सहज घरंगळतात. २० मिमीचा पाइप घेऊ नका, आतला व्यास जेमतेम गोटीएवढा निघतो आणि गोटी अडकते. खालच्या टोकाजवळ दोन चिरा पाडा, एक अगदी तळाशी आणि दुसरी तिच्यावर गोटीएवढ्या अंतरावर. दोन्हींत जुन्या ओळखपत्राच्या प्लास्टिकच्या पट्ट्या सरकवा. वरची पट्टी आत असताना खालची ओढली की एकच गोटी पडते. मग खालची बंद करून वरची उघडायची. हे जमलं नाही तर तीन गोट्या एकदम पडतात आणि सोडत रद्द करावी लागते.

गोट्यांचा हिशेब सोपा: १५ जणांचं मंडळ हवं, एका ओळीत ५, म्हणून ३ पांढऱ्या, ९ काळ्या. हा भागाकार मुलांनीच करावा.

पाइप अपारदर्शक हवा. गोट्यांचा क्रम ओतल्यानंतर कुणालाच, अगदी बाईंनाही, दिसता कामा नये. आणि पट्ट्या खाचांत लावायचं काम ज्याची त्याला करू देऊ नका. आधी गणाच्या काड्या एका डब्यात हलवून मगच लावायच्या, नाहीतर मैत्रिणी-मैत्रिणी एकाच ओळीत येतात.

शेवटचा_बाक

एक प्रश्न हमखास येतो आणि त्याचं उत्तर तयार हवं: "मग एखादा मठ्ठ माणूस निवडला गेला तर?"

याला अथेन्सचं उत्तर चार-पाच पदरी होतं. सोडत साऱ्या गावातून नसे, ज्यांनी नाव दिलं त्यांच्यातूनच असे. पाचशेंच्या मंडळासाठी वय तीस पूर्ण हवं. निवड झाल्यावर पद हातात घेण्याआधी चौकशी. आर्खोन या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पदासाठी विचारले जाणारे प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावरच्या 'अथेन्सच्या राज्यघटने'त दिलेले आहेत: वडील कोण, कोणत्या देमोसचे, आईचे वडील कोण, घराण्याच्या कबरी कुठे आहेत, आईवडिलांना नीट वागवतोस का, कर भरतोस का, लष्करी मोहिमांवर गेला होतास का. हुशारीबद्दल एकही प्रश्न नाही! मुलांना हे वाचून दाखवा आणि वर्गमंडळासाठी स्वतःचे पाच प्रश्न तयार करायला लावा. मुदत एक वर्षाची, कामं बहुतेक दहा-दहा जणांच्या समितीकडे, आणि वर्ष संपलं की हिशेब द्यायचा. पाचशेंच्या मंडळात आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा बसता येई.

सगळ्यात बोलकं पद 'एपिस्टाटेस'चं. प्रत्येक गणाचे ५० जण वर्षाचा एक दशांश काळ कारभार बघत, पहिले चार गण ३६ दिवस आणि उरलेले सहा ३५ दिवस. त्या ५० मधून रोज एक जण सोडतीने अध्यक्ष. एक रात्र आणि एक दिवस. राज्याची मोहर आणि खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याकडे. हे पद आयुष्यात एकदाच. वर्गात रोज एक अध्यक्ष असा लावा, हजेरीपटाची आणि कपाटाच्या किल्लीची जबाबदारी त्याच्याकडे द्या. दोन आठवडे चालवलं तरी कल्पना पक्की बसते.

काळी_पाटी

दुसऱ्या तासासाठी मिटिलिनीची चर्चा घ्या. यापेक्षा चांगला प्रसंग नाही.

इ.स.पू. ४२७. लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी शहराने अथेन्सविरुद्ध उठाव केला आणि तो फसला. अथेन्सच्या सभेने (जिथे सगळे नागरिक बसून मत देत) रागाच्या भरात ठराव केला: तिथले सगळे प्रौढ पुरुष ठार करायचे, बायका-मुलांना गुलाम करायचं. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी लोकांना वाटलं की हे फार झालं, आणि सभा पुन्हा भरली. क्लिओन म्हणाला ठराव बदलू नका. डिओडोटस म्हणाला बदला. हात वर झाले, मतं जवळजवळ सारखी, पण डिओडोटसचा ठराव निसटता पास. लगेच दुसरं जहाज सोडलं. पहिलं साधारण एक दिवस-एक रात्र पुढे होतं. वल्हेकऱ्यांनी वल्हवता वल्हवताच जवाचं पीठ दारू-तेलात कालवून खाल्लं, पाळीपाळीने झोपले. पहिल्या जहाजालाही असल्या कामावर जायची घाई नव्हती. हुकूम वाचून अंमलबजावणी सुरू होणार तेवढ्यात दुसरं जहाज बंदराला लागलं.

वर्गात हा तास असा लावा. गोष्ट पहिल्या ठरावापर्यंतच सांगा, उठावाचं वर्णन जरा तापवून. मतदान घ्या, आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. मग दोन्ही भाषणांचा प्रत्येकी दीडशे शब्दांचा गोषवारा दोन मुलांकडून वाचून घ्या. नंतर सभा खुली करा. अथेन्समध्ये पुकारा करणारा विचारायचा, "कोणाला बोलायचं आहे?" तोच पुकारा इथेही हवा, आणि जो हात वर करेल तो पुढे येऊन उभा राहून बोलेल. बसल्या जागेवरून बोलू देऊ नका. मग दुसरं मतदान. जहाजांचा शेवट त्यानंतरच सांगा.

इथे दोन चुका होतात. पहिली, डिओडोटसला दयाळू माणूस म्हणून उभं करणं. तो स्वतः सांगतो की मी दयेची गोष्ट करत नाही, आपल्या फायद्याची करतो. मृत्यूच्या भीतीने कोणी गुन्हा थांबवत नाही, आणि सगळ्यांना सरसकट मारलं तर पुढच्या वेळी कुठल्याही शहरातले साधे लोक आपल्या बाजूने येणार नाहीत, हा त्याचा मुद्दा. दुसरी चूक, गोष्ट 'सगळे वाचले' म्हणून संपवणं. उठावाचे म्होरके म्हणून पकडलेले हजाराहून थोडे जास्त लोक मारले गेले, असं त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडिस लिहितो. आठवी-नववीला हे सांगायलाच हवं. पाचवी-सहावीला हा प्रसंग नको, त्यांच्यासाठी सभेत गावच्या पाण्याचा किंवा चांदीचा प्रश्न घ्या: लॉरिऑनच्या खाणीत इ.स.पू. ४८३ च्या सुमारास चांदीचा मोठा साठा लागला, ती सगळ्यांना वाटायची की जहाजं बांधायची? थेमिस्टोक्लिस म्हणाला जहाजं. तीन वर्षांनी सलामिसच्या आरमारी लढाईत पर्शियनांविरुद्ध तीच कामी आली.

नकाशावही

@काळी_पाटी, लॉरिऑनला दुसरी बाजू जोडा. ती चांदी खणत होते गुलाम. आणि जहाजं वल्हवत होते मुख्यतः गरीब नागरिक. एका तिहेरी वल्ह्यांच्या जहाजावर १७० वल्हेकरी लागत. ज्यांच्या खांद्यावर आरमार, त्यांचं सभेत वजन वाढत गेलं. चांदी-जहाज-मत ही साखळी फळ्यावर काढली की लोकशाही एकट्या पुढाऱ्याच्या डोक्यातून निघाली असा समज राहत नाही.

पाणवठा

तिसरा तास, न्यायालय. पाण्याचं घड्याळ मी सांगते.

आधी एक फरक स्पष्ट करावा. आपलं घटिकापात्र म्हणजे तळाला भोक असलेली वाटी, पाण्यात ठेवली की भरून बुडते. ग्रीकांची क्लेप्सिड्रा उलट: भरलेल्या भांड्याच्या बुडाशी नळी, पाणी संपलं की वेळ संपली. अथेन्सच्या अगोरात (बाजारचौकात) उत्खननात मिळालेल्या एका मातीच्या भांड्यात दोन 'खोएस', म्हणजे ६.४ लिटर पाणी मावतं आणि ते सुमारे सहा मिनिटांत रिकामं होतं. वेळ मिनिटांत नव्हे, पाण्याच्या मापात ठरायची. मोठा दावा, जास्त पाणी.

एक लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, बूड कापा, उलटी टांगा. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने ३ मिमीचं भोक पाडा (हे मोठ्यांनी करायचं). साधारण चार मिनिटं मिळतात. ४ मिमीच्या भोकाला दोन-सव्वादोन मिनिटं. नेमकी वेळ भोकाची कड किती गुळगुळीत आहे यावर अवलंबून असते, म्हणून आधी दोनदा मोबाइलवर मोजून घ्या आणि वेळ जुळवायची असेल तर भोक मोठं न करता पाणी कमी-जास्त करा. बूड न कापता नुसती बाटली उलटी केली तर हवा आत जात नाही, पाणी गचके देत पडतं आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळी वेळ मिळते. बाटलीवर सारख्या मापाच्या रेघा मारू नका: पाणी भरलेलं असताना धार जोरात, शेवटी मंद. पहिली अर्धी बाटली लवकर संपते. वर्गात विज्ञानाच्या बाई असतील तर एवढं कारण त्यांच्याकडून सांगून घ्यावं.

कायदा किंवा साक्ष वाचून दाखवताना पाणी थांबवत असत. वर्गात एका मुलाने बोटाने भोक बंद करायचं. हा नियम ठेवाच, कारण त्यामुळे मुलं आपोआप पुरावा वाचायला लागतात. पुरावा वाचताना वेळ खर्च होत नाही ना!

मतदानासाठी अथेन्समध्ये काशाच्या चकत्या होत्या, सुमारे सहा सेंमी व्यासाच्या, मधोमध आस. एका चकतीचा आस पोकळ, दुसरीचा भरीव. पोकळ म्हणजे फिर्यादीच्या बाजूने, भरीव म्हणजे आरोपीच्या. प्रत्येक पंचाला दोन्ही मिळत. अंगठा आणि बोट आसाच्या दोन टोकांवर ठेवलं की हातात कुठली आहे ते शेजाऱ्याला दिसत नाही. मोजायची चकती काशाच्या भांड्यात, उरलेली लाकडी भांड्यात.

करायला सोपं: पुठ्ठ्याच्या चकत्या, मधोमध कागदी स्ट्रॉचा तीन सेंमीचा तुकडा आरपार. निम्म्या स्ट्रॉमध्ये दोन्ही टोकांपर्यंत शाडू दाबून भरा. १५ पंचांना ३० चकत्या. स्ट्रॉऐवजी एकात पेन्सिल आणि दुसऱ्यात स्ट्रॉ वापरला तर वजनाने आणि रंगाने लांबूनच ओळखू येतं, आणि गुप्तपणाच संपतो.

शेवटचा_बाक

@पाणवठा, एक भर. पंचांची संख्या शक्यतो विषम ठेवा. चौथ्या शतकात २०१, ४०१, ५०१ अशी मंडळं असत, आणि मतं समसमान पडली तर आरोपी सुटे. पंच आपसात चर्चा करत नसत, वर कायदा समजावणारा न्यायाधीश नसे, अपील नसे. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसचा खटला अशाच मंडळापुढे एका दिवसात निकालात निघाला. आपल्याकडच्या ज्युरीशी तुलना करायची तर १९५९ चा मुंबईतला नानावटी खटला सांगता येतो: नऊ जणांची ज्युरी, आठ विरुद्ध एक मताने 'निर्दोष', पण सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. अथेन्समध्ये असं पाठवायला वर कोणी नव्हतंच.

मजुरीबद्दलही बोला. पंचांना पेरिक्लिसच्या काळात दोन ओबोल भत्ता सुरू झाला, पुढे तीन झाला. सहा ओबोलांचा एक द्राख्मा आणि कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा. म्हणजे अर्धा रोज. भत्ता नसता तर हातावर पोट असलेला माणूस न्यायालयात बसलाच नसता. सभेला हजर राहण्याचा भत्ता तर इ.स.पू. ४०३ नंतरच आला.

खडूफळा

चौथा तास म्हणजे खापरांचं मतदान (ज्याला शहराबाहेर धाडायचं त्याचं नाव खापरावर लिहायचं), आणि इथे फार जपायला हवं. वर्गातल्या मुलांची नावं खापरावर कधीही लिहू देऊ नका. शिक्षकांचीही नाही. मुलांना हा खेळ वाटतो आणि ज्याला आधीच कोणी खेळायला घेत नाही त्याचंच नाव तीस खापरांवर येतं. ते पुसता येत नाही. नावं इतिहासातलीच ठेवा: थेमिस्टोक्लिस, ॲरिस्टिडिस, झांथिप्पस. तिघांच्या बाजूने-विरुद्ध चार-चार ओळी आधी वाटा.

खापरासाठी जुना माठ किंवा तुटकी कौलं. आदल्या रात्री भिजवा, धूळ कमी उडते. गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडा, ५ ते ७ सेंमीचे सपाट तुकडे वेचा, कडा दगडावर घासा. एका मोठ्या माठात ६० मुलांचं भागतं. खरवडायला बोथट खिळा. माठाच्या तुकड्यावर रेघ फिकी उठते, ती बोटाने ओला खडू चोळला की स्पष्ट होते.

नियम सांगताना घाई करू नका. वर्षातून एकदा आधी हे विचारलं जाई की यंदा खापरं हवीत का. हो म्हटलं तर सुमारे दोन महिन्यांनी मतदान. आरोप नाही, बचावाचं भाषण नाही. किमान ६००० खापरांची अट. जाणारा दहा वर्षं बाहेर, पण मालमत्ता त्याचीच, नागरिकत्वही शाबूत. पहिला वापर इ.स.पू. ४८७, म्हणजे खापरांचा कायदा झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ॲरिस्टिडिसला ४८२ मध्ये घालवलं आणि पर्शियन स्वारी आली तेव्हा मुदतीआधीच परत बोलावलं. मुलं 'हद्दपारीची शिक्षा' असं लिहितात, ते दुरुस्त करा. शिक्षा नव्हती ती. एक माणूस फार मोठा होऊ नये म्हणून केलेली तजवीज होती.

अक्षरओळख

याच तासाला एक सुंदर उपक्रम बसतो. ॲक्रोपोलिसच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९० च्या आसपास खापरं सापडली, जवळजवळ सगळ्यांवर थेमिस्टोक्लिसचं नाव. अक्षरं तपासली तेव्हा ती जेमतेम १४ जणांच्या हातची निघाली.

वर्गात ४८ खापरं आधीच तयार ठेवा, तिघा मोठ्यांनी लिहिलेली. सगळ्यांवर "थेमिस्टोक्लिस नेओक्लिसचा". पाच-पाच मुलांच्या गटाला चार खापरं, एक भिंग. किती हात आहेत ते शोधा. मुलांना काय बघायचं ते सांगावं लागतं, नाहीतर ती 'चांगलं अक्षर, वाईट अक्षर' एवढंच म्हणतात. 'थ'ची गाठ, 'क्ल' जोडण्याची पद्धत, शिरोरेघ अखंड की तुटक, 'मि'ची वेलांटी किती लांब. गटांचे निष्कर्ष जुळवले की तीन हात सापडतात.

मग प्रश्न: हे का केलं असेल? मतं विकत घेतली, हे पहिलं उत्तर येतं. थांबू नका. लिहिता न येणाऱ्यांसाठी कोणी तयार करून ठेवली असतील का? विरोधी गटाने वाटायला ठेवली आणि ती वाटलीच गेली नाहीत, म्हणून विहिरीत पडली का? पुरावा तिन्ही बाजूंना वाव देतो. चरित्रकार प्लुटार्क सांगतो ती ॲरिस्टिडिसची गोष्ट इथेच सांगावी: लिहिता न येणाऱ्या एकाने न ओळखता त्यालाच म्हटलं, यावर ॲरिस्टिडिस लिहून दे. ॲरिस्टिडिसने विचारलं, त्याने तुझं काय वाकडं केलं? तो म्हणाला, काही नाही, सगळीकडे त्याला 'न्यायी, न्यायी' म्हणतात ते ऐकून कंटाळलो. ॲरिस्टिडिसने मुकाट्याने लिहून दिलं. गोष्ट बरीच नंतर लिहिलेली आहे, एवढं मुलांना सांगून ठेवा.

काळी_पाटी

पाचवा तास 'कोण बाहेर होतं' याचा. बायका, गुलाम, आणि बाहेरून येऊन स्थायिक झालेले 'मेटिक'. पेरिक्लिसच्या इ.स.पू. ४५१ च्या कायद्याने आई-वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच नागरिकत्व. प्रौढ पुरुष नागरिक एकूण लोकसंख्येच्या दहा ते वीस टक्के, असा अंदाज अभ्यासक करतात.

मुलींना मागे बसवून हे दाखवू नका. 'खेळ' म्हणून केलं तरी लागतं, आणि मुलगे हसतात. ६० बंद चिठ्ठ्या करा, ९ वर 'नागरिक', उरलेल्यांवर स्त्री, गुलाम, मेटिक, लहान मूल. चिठ्ठ्या वाटा, पण उघडू देऊ नका. सहलीला कुठे जायचं यावर मतदान घ्या, निकाल जाहीर करा, आणि मग चिठ्ठ्या उघडायला सांगा. फक्त नऊ जणांची मतं पुन्हा मोजा. निकाल बदलला तर वर्गात जो आरडाओरडा होतो तो दोन मिनिटं होऊ द्या. बदलला नाही तरी विचारा: तुमचं मत मोजलंच नाही, तरी चाललं का?

मेटिकचं उदाहरण म्हणून खुद्द ॲरिस्टॉटल द्या. स्टॅगिराचा माणूस, आयुष्याची कितीतरी वर्षं अथेन्समध्ये काढली, आणि त्याला तिथे मत नव्हतं. सभेत शिस्त राखणारे सिथियन धनुर्धारी तर राज्याचे गुलाम होते.

अगोरा

वरचं सगळं उत्तम, पण 'आजवरचा प्रभाव' या भागात पाठ्यपुस्तकी वाक्य टाळायला हवं, की लोकशाही ग्रीकांनी जगाला दिली आणि तीच आपण चालवतो. इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाने अथेन्सची लोकशाही मोडली, मताला २००० द्राख्म्यांच्या मालमत्तेची अट घातली. त्यानंतर दोन हजार वर्षं युरोपात अथेन्सचं नाव बहुधा 'झुंडशाही कशी असते' याचा दाखला म्हणून घेतलं जाई. १७८८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेची बाजू मांडताना 'फेडरलिस्ट' या लेखमालेतल्या क्रमांक ५५ च्या लेखात लिहिलं गेलं की अथेन्सचा प्रत्येक नागरिक सॉक्रेटिस असता तरी तिथली सभा झुंडच राहिली असती. अमेरिकेने प्रतिनिधी निवडण्याची पद्धत घेतली ती अथेन्स टाळण्यासाठी. खुद्द सोडतीच्या यंत्रणेचा तपशील सांगणारी 'अथेन्सची राज्यघटना' इजिप्तमधल्या पपायरसवर, शेतीच्या हिशेबांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेली सापडली आणि छापली गेली १८९१ मध्ये. म्हणजे यंत्रणा कशी चालायची हे नीट कळलं तेच इतक्या उशिरा.

आणि दुसरं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं की भारताला लोकशाही अपरिचित नव्हती. बौद्ध भिक्खू संघाला बैठकव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम ठाऊक होते, आणि बुद्धांनी ते त्या काळच्या राजकीय सभांमधून घेतले असावेत. विनयपिटकात (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात) शलाका, म्हणजे काड्या वाटून मत घेण्याच्या तीन रीती आहेत: गुप्त, कानात सांगून, आणि उघड. त्याच आइस्क्रीमच्या काड्यांवर हेही करून दाखवता येतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवाव्यात, एकीला दुसरीची नक्कल न म्हणता.

शेवटचा_बाक

@अगोरा, मान्य. तरी जे साम्य डोळ्यांसमोर आहे ते वापरायला हवं. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत तहसीलला निघते तेव्हा चिठ्ठी बहुधा शाळकरी मुलाच्या हातून काढतात. मुलांनी ते पाहिलेलं असतं. का? कारण चिठ्ठी काढणाऱ्याचा हेतू असू नये. तेच कारण नळीतल्या गोट्यांचं. निवडणुकीत मतं समसमान पडली तर आपला कायदा सोडतच सांगतो, २०१७ ला मुंबई महापालिकेच्या प्रभाग २२० मध्ये तसंच झालं. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदारांची गणपूर्ती, अथेन्सला नागरिकत्व देण्यासारख्या ठरावांना ६०००. अलीकडे आयर्लंडने २०१६ ते २०१८ मध्ये ९९ नागरिक सोडतीने निवडून गर्भपातबंदीसारख्या प्रश्नावर त्यांच्याकडून शिफारशी घेतल्या, मग सार्वमत घेतलं. सोडतीची कल्पना अजून जिवंत आहे हे सांगायला हे उदाहरण पुरेसं आहे.

पहिल्या दिवशी फळ्यावर ठेवलेला ॲरिस्टॉटलचा प्रश्न इथे पुन्हा काढा. "निवडणुकीत कोण जिंकतं?" असं विचारलं की उत्तरं येतात: ज्याला सगळे ओळखतात, ज्याच्याकडे पैसे आहेत, ज्याला बोलता येतं. तिथेच थांबा, बाकीचं ती स्वतः जोडतात.

पाणवठा

पटसंख्या ४७ असेल तर गोट्यांचा हिशेब कसा? पाच रकाने, दोन मुलं उरतात.

नकाशावही

नऊ ओळींचे पाच रकाने, ४५. गोट्या नऊच: २ पांढऱ्या घेतल्या तर १० जणांचं मंडळ, ३ घेतल्या तर १५ जणांचं. न्यायालयासाठी १५ बरे, विषम होतात. उरलेल्या दोघांना कामाशिवाय ठेवू नका. अथेन्सच्या न्यायालयात पंचांमधूनच सोडतीने एकाला पाण्याच्या घड्याळावर आणि चौघांना चकत्या मोजायला नेमत. आधी ४७ काड्यांतून दोन काढा, एक घड्याळावर, एक गोट्यांवर, मग बाकीच्या ४५ खाचांत लावा. आणि ओतण्याआधी गोट्या सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायच्या, काळ्या किती, पांढऱ्या किती. हे काम त्या दुसऱ्या मुलाचं.